गिधाडाएवढा म्हणजे केवढा? प्राणिजीवनावरच्या पुस्तकांचा आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही घरातली एक फळी रिकामी केली आणि तिच्यावर प्राणिजीवन, नामशेष झालेल्या व होऊ घातलेल्या जाती आणि वन्यजीव संरक्षण या विषयांवरची अकरा पुस्तके लावली. काही नवी विकत घेतली, काही जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आणली. तेव्हापासून एप्रिल अखेरपर्यंत ही पुस्तके मी, सहावीत शिकणारी माझी लेक आणि माझे सासरे अशा तिघांनी वापरली. सोलापूरहून नान्नजचा माळ जवळ असल्याने दर पंधरा दिवसांनी त्यांतली एकदोन पिशवीत टाकून आम्ही बाहेरही नेली. अशा पुस्तकांवर सहसा वाचून झाल्या झाल्या लिहिले जाते, तेव्हा छपाई आणि छायाचित्रे यांचाच प्रभाव अधिक असतो. वापरात टिकले काय आणि उणे पडले काय, हे कळायला निदान एक पावसाळा आणि एक हिवाळा जावा लागतो.

सर्वांत जास्त हाताळले गेले ते डॉ. सलीम अली यांचे भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक. ते १९४१ मध्ये प्रथम निघाले आणि पुढे त्याच्या अनेक आवृत्त्या झाल्या. आमच्याकडची प्रत जुनी आहे, कडा तपकिरी झालेल्या आहेत. हे पुस्तक पक्ष्याचा आकार नेहमीच्या ओळखीच्या पक्ष्यांशी ताडून सांगते. चिमणी, बुलबुल, मैना, कबूतर, कावळा, घार, गिधाड अशी ती मापे आहेत, आणि समोरचा पक्षी त्या मापाहून थोडा मोठा आहे की लहान, हे अधिक-उणे चिन्हांनी दाखवले आहे. सेंटिमीटरपेक्षा ही रीत माळावर कितीतरी सोयीची पडते, कारण दुर्बिणीतून पाहताना डोळ्यांना लांबी मोजता येत नाही, तुलना मात्र लगेच करता येते.

सप्टेंबरमधल्या एका संध्याकाळी मी ही मापे लेकीला मराठीत समजावून सांगत होते. चिमणीपासून घारीपर्यंत ती मान डोलवत गेली आणि मग तिने विचारले, "आई, गिधाडाएवढा म्हणजे केवढा?" मला उत्तर देता येईना, कारण तिने गिधाड पाहिलेलेच नव्हते. सासरे बाजूला बसले होते. ते उठून उभे राहिले, दोन्ही हात खांद्याच्या रेषेत पूर्ण पसरले आणि म्हणाले, "पंख पसरले की एवढं, पोरी. आणि मेलेल्या बैलावर असे चाळीस-पन्नास बसायचे. आम्ही दगड मारला तरी उठायचे नाहीत." त्या पुस्तकाने प्रत्येक वाचकाला ठाऊक असेल असे गृहीत धरलेले मापच आमच्या घरातल्या एका पिढीतून निघून गेले होते. नामशेष होणे म्हणजे काय, हे त्या फळीवरच्या कोणत्याही जाड ग्रंथाने मला इतक्या जवळून दाखवले नाही.

त्या प्रश्नामुळे आम्ही गिधाडांवरची पुस्तके पुढचे दोन महिने वाचली, आणि या विषयात जुने व नवे पुस्तक शेजारी शेजारी ठेवून वाचण्याची सवय तिथेच लागली. जुन्या पुस्तकांत पांढऱ्या पाठीचे गिधाड सर्वत्र दिसणारा पक्षी आहे. १९८० च्या दशकात तर तो जगातल्या सर्वाधिक संख्येच्या मोठ्या शिकारी पक्ष्यांपैकी एक मानला जात होता. नव्या पुस्तकांत तोच पक्षी अतिसंकटग्रस्त यादीत आहे, आणि १९९२ ते २००७ या काळात भारतात त्याची संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली, असे लिहिलेले आहे. कारण डायक्लोफेनॅक. गुराढोरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे हे औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात गेले की त्याचे मूत्रपिंड निकामी होते. हा संबंध २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने सिद्ध केला आणि २००६ मध्ये भारत सरकारने जनावरांसाठी या औषधाच्या उत्पादनावर बंदी घातली. एका पुस्तकातला हिशेब मी पेन्सिलीने अधोरेखित केला आहे: शंभरांतल्या एकाहूनही कमी मृत जनावरांत घातक प्रमाणात औषध असले, तरी एवढी घट घडवायला ते पुरेसे होते. कळपाने खाणारा, वर्षाला एकच अंडे घालणारा पक्षी असल्यामुळे हे घडते. चांगले पुस्तक हा दुवा उलगडून दाखवते. सुमार पुस्तक "रसायनांमुळे गिधाडे कमी झाली" एवढे सांगून पुढे जाते, आणि आमच्या फळीवर दुसऱ्या प्रकारची पुस्तके अधिक निघाली, याचे मला वाईट वाटते. जनावरांना देता येणाऱ्या आणि गिधाडांसाठी सुरक्षित ठरलेल्या मेलॉक्सिकॅम या पर्यायी औषधाचे नावही त्यांतल्या एकाच पुस्तकात आहे, वास्तविक शेतकऱ्याच्या घरात सर्वांत उपयोगी पडावी अशी माहिती तीच आहे. सासऱ्यांनी ते नाव चिठ्ठीवर लिहून घेतले आणि गावाकडच्या भावाला फोनवर वाचून दाखवले.

ऑक्टोबरनंतर आम्ही खिशात मावणाऱ्या नव्या मार्गदर्शिकेकडे वळलो. तिची चित्रे जुन्या पुस्तकापेक्षा सरस आहेत, नर, मादी आणि पिल्लू वेगवेगळे दाखवले आहेत आणि नकाशे चित्रांसमोरच आहेत. नान्नजला डिसेंबरच्या एका सकाळी, गवत वाळून पिवळे झालेले असताना, तीन पक्षी थोडे धावत, थबकत, खाली टोचत आणि पुन्हा धावत चाललेले दिसले. मी टिटवी म्हणून मोकळी झाले. लेकीने पुस्तक उघडून पान समोर धरले. तांबूस टोपी, डोळ्यातून मागे जाणारी काळी पट्टी आणि तिच्यावर ठळक पांढरी भुवई, छाती विटकरी. तो धाविक होता. टिटवीच्या चोचीजवळची लाल झालर त्याला नव्हती, हेही मग माझ्या लक्षात आले. चित्रांचे पुस्तक किती उपयोगी, हे अशा वेळी कळते.

त्याच पानावर खाली जेर्डनचा धाविक आहे, आणि त्याच्यापाशी आम्ही बराच वेळ थांबलो. थॉमस जेर्डन यांनी १८४८ मध्ये प्रथम नोंदवलेला हा पक्षी १९०० नंतर कोणाला दिसला नाही आणि ग्रंथांतून तो संपल्याचे लिहिले जाऊ लागले. १९८६ च्या जानेवारीत आंध्र प्रदेशातल्या कडप्पा भागात तो पुन्हा सापडला. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या लोकांनी त्याचे चित्र स्थानिकांना दाखवले होते आणि पक्षी पकडणाऱ्या एका स्थानिक माणसाच्या हाती तो रात्री लागला. दिवसा झुडपांत दडणारा आणि रात्री चरणारा पक्षी दिवसा शोधून सापडणार नव्हता, ही गोष्ट तिथल्या माणसांना ठाऊक होती.

माझ्या मते या आठ महिन्यांतला सर्वांत मोलाचा धडा मात्र रानपिंगळ्याचा. हे लहानसे घुबड १८७३ मध्ये शास्त्राला माहीत झाले आणि १८८४ नंतर त्याचा खात्रीचा नमुना मिळाला नाही. अपवाद एकच होता: रिचर्ड माइनर्ट्झहागन या ब्रिटिश अधिकाऱ्याने १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीजवळ तो मिळवल्याचा दावा केला होता. हा दावा ग्रंथांत शिरला, तिथून पुढच्या ग्रंथांत गेला, आणि शोध घेणाऱ्यांची दिशा चुकवत राहिला. अमेरिकेच्या पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयातले नमुने बारकाईने तपासले, तेव्हा तो नमुना जुन्या काळी दुसऱ्यानेच मिळवलेला, चोरलेला आणि नव्याने भरून खोटी चिठ्ठी लावलेला असल्याचे उघड झाले. खोटी नोंद बाजूला काढून त्या जुन्या, खऱ्या नोंदींच्या मुलखात गेल्या आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी बेन किंग व डेव्हिड ॲबट यांच्यासह त्यांना रानपिंगळा दिसला, तो आपल्या शहाद्याजवळ. ११३ वर्षे गेली होती. नंतर तो मेळघाटातही मिळाला, आणि २०१८ मध्ये त्याचा दर्जा अतिसंकटग्रस्तवरून संकटग्रस्त असा एक पायरी खाली आला. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढऱ्या ठिपक्यांची दाटी असते, रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ बिनठिपक्यांचे असते आणि छातीवर रुंद तपकिरी पट्टा असतो. हा फरक दाखवणारी दोन चित्रे एकाच पानावर असलेले पुस्तक घ्यावे, असे मी आवर्जून सांगेन. आमच्या फळीवरचे एक पुस्तक १९९७ नंतर कितीतरी वर्षांनी छापलेले आहे, तरी त्यात रानपिंगळा अजून "बहुधा नामशेष" आहे. तेव्हापासून कोणतेही पुस्तक हातात घेतले की मी मुखपृष्ठाआधी छपाईचे साल आणि नोंदींचे साल पाहते, आणि ही दोन साले एकच असतात असे समजत नाही.

माळढोकाच्या बाबतीत तर ही काळजी दुप्पट घ्यावी लागते. नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ मधले. त्याचे मूळ क्षेत्र सुमारे ८,५०० चौरस किलोमीटर होते, नंतर ते बरेच घटवले गेले, तरीही काही पुस्तकांत जुनाच आकडा छापलेला आहे. माळढोकाची एकूण संख्या आता दीडशेहून कमी मानली जाते आणि त्यातले बहुतेक पक्षी राजस्थानातल्या जैसलमेर भागात आहेत. या पक्ष्याच्या मृत्यूंमागे विजेच्या उंच तारा हे मोठे कारण आहे. शरीर जड आणि समोरचे फारसे न दिसणारी डोळ्यांची ठेवण, त्यामुळे वेगात उडताना तार चुकवणे त्याला जमत नाही. जैसलमेरच्या सम येथे २०१९ पासून त्याचे बंदिस्त जागेतले प्रजनन सुरू आहे. आम्हाला आठ महिन्यांत माळढोक एकदाही दिसला नाही. लेकीने त्याच्या चित्राशेजारी पेन्सिलीने फक्त तारखा लिहून ठेवल्या आहेत, त्या दिवशी गेलो आणि दिसला नाही, अशा. अशा नोंदींचेही मोल आहे, असे मला वाटते.

मुलांच्या पुस्तकांबद्दल माझी तक्रार आहे. नामशेष प्राणी म्हटले की त्यांत डायनासोर आणि मॉरिशसचा डोडो येतो, आणि आपल्याच देशातला चित्ता दोन ओळींत संपतो. एका पुस्तकात तर चित्त्याच्या नावाखाली बिबट्याचे छायाचित्र आहे. डोळ्यापासून तोंडापर्यंत उतरणारी काळी रेघ आणि अंगावरचे भरीव ठिपके म्हणजे चित्ता, पोकळ फुलांसारखे ठिपके म्हणजे बिबट्या, हे एका वाक्यात सांगता येते, पण ते वाक्य तिथे नाही. भारतातल्या शेवटच्या चित्त्यांची शिकार १९४७ मध्ये आजच्या छत्तीसगडमधल्या कोरिया संस्थानात झाली, १९५२ मध्ये तो नामशेष घोषित झाला आणि १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आणलेले आठ चित्ते कुनो येथे सोडले गेले. मुलांना ही कहाणी डोडोपेक्षा नक्कीच जवळची वाटली असती.

बांधणीविषयी थोडक्यात. चिकटवलेल्या बांधणीची दोन पुस्तके माळावरच्या उन्हात तिसऱ्या महिन्यातच सुटली, शिवलेली सगळी शाबूत आहेत. गुळगुळीत कागद उन्हात चमकतो आणि चित्र दिसत नाही. मराठी नावांची सूची ज्या पुस्तकात आहे, तेच घरात सर्वांच्या हाती जाते. या बाबतीत मारुती चितमपल्ली यांच्या पक्षीकोशाने आम्हाला फार साथ दिली, कारण सासऱ्यांना पक्षी ठाऊक होते पण त्यांची नावे गावची होती, आणि ती नावे ग्रंथातल्या नावांशी जुळवणे हे आमच्या हिवाळ्यातल्या कितीतरी संध्याकाळींचे काम झाले.

आता नव्याने कोणी फळी लावणार असेल, तर अकरा पुस्तके घेऊ नयेत. एक जुनी मार्गदर्शिका, एक ताजी मार्गदर्शिका, मराठी नावांचा एक कोश आणि एखाद्या एकाच जातीवर खोलात जाऊन लिहिलेले एक पुस्तक, एवढे वर्षभर पुरते. जुनी प्रत घेताना रंगीत पाने मोजून घ्यावीत, ती सुटी होऊन हरवतात. आमच्या प्रतीत घुबडांचे पान नाही, हे मला घरी आल्यावर कळले.

२०२४ च्या जानेवारीत हरियाणातल्या पिंजोरच्या गिधाड प्रजनन केंद्रातून गिधाडे ताडोबा आणि पेंच येथे आणली गेली, ही बातमी आमच्या फळीवरच्या एकाही पुस्तकात नाही. लेकीने ती कागदावर लिहून जुन्या पुस्तकात, आकाराच्या मापांचे पान आहे तिथे, चिकटवली आहे. येत्या दिवाळीच्या सुट्टीत ताडोब्याला जायचे ठरले आहे. सासरेही येणार आहेत.