क्वीन्सब्रिजच्या दोन बाजू : नासच्या 'इल्मॅटिक'ची तबकडी

अमेरिकन रॅपर नास याचा 'इल्मॅटिक' हा पहिला अल्बम मी गेली कित्येक वर्षे मोबाइलवर ऐकत आले आहे. गेल्या महिन्यात त्याची विनाइल तबकडी घरी आली आणि तोच अल्बम मला नव्याने कळू लागला. मोबाइलवर त्यातली दहा गाणी एकामागून एक वाजत जातात. तबकडीवर मात्र प्रत्येक बाजूला पाच-पाच अशी त्यांची वाटणी आहे, आणि या बाजूंना 'फोर्टिएथ साइड नॉर्थ' व 'फोर्टी-फर्स्ट साइड साउथ' अशी नावे दिलेली आहेत. न्यूयॉर्कच्या ज्या क्वीन्सब्रिज वसाहतीत नास लहानाचा मोठा झाला, तिचेही उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग आहेत. सुई उचलून तबकडी उलटली की आपण जणू वसाहतीच्या एका अंगाकडून दुसऱ्या अंगाला जातो.

वेष्टन बारा इंची असल्यामुळे मुखपृष्ठ नीट पाहता येते. सात वर्षांच्या नासचा चेहरा आणि त्याच्यातून आरपार दिसणाऱ्या वसाहतीच्या विटांच्या इमारती असे ते चित्र आहे. मोबाइलच्या पडद्यावर एवढासा दिसणारा तो चेहरा हातभर अंतरावरून पाहिला, तेव्हा त्या मुलाच्या डोळ्यांतले वयाला न शोभणारे गांभीर्य पहिल्यांदा माझ्या लक्षात आले.

नासचा, म्हणजे नासिर जोन्सचा, जन्म 14 सप्टेंबर 1973 रोजी न्यूयॉर्कच्याच ब्रुकलिन भागात झाला. वडील ओलू दारा हे जॅझ आणि ब्लूज परंपरेतले कॉर्नेट (ट्रम्पेटसारखे फुंकवाद्य) वादक. आठवीनंतर नासने शाळा सोडली, पण वाचन सोडले नाही. 1992 मध्ये त्याचा जिवलग मित्र विली ग्रॅहम, ज्याला वसाहतीत सगळे 'इल विल' म्हणत, गोळीबारात मारला गेला. त्यानंतर दोन वर्षांनी, 19 एप्रिल 1994 रोजी, हा अल्बम बाजारात आला तेव्हा नास अवघा वीस वर्षांचा होता. गेलेल्या मित्राची आठवण या गाण्यांतून पुन्हा पुन्हा डोके वर काढते, आणि म्हणूनच नासचे चरित्र जाणून घ्यायचे असेल तर सुरुवात या चाळीस मिनिटांपासून करावी, असे माझे ठाम मत आहे.

आता आवाजाविषयी. माझ्याकडची प्रत स्वच्छ वाजते. खरखर जवळजवळ नाही, आणि ढोल व बेस यांचा भरीव ठोका खोलीभर पसरूनही शब्दांवर कुरघोडी करत नाही. दुसऱ्या गाण्यात त्याचा संगीतनिर्माता डीजे प्रीमियर याने पियानोचा जो गडद तुकडा फिरवत ठेवला आहे, त्याच्या तळाची गुरगुर मला मोबाइलवर कधी ऐकूच आली नव्हती. त्याच गाण्याच्या तोंडाशी, सुरुवात कशी करावी ते कळत नाही, असे नास पुटपुटतो आणि पुढच्याच क्षणी यमकांची अशी काही रांग लावतो की ऐकणाऱ्याने श्वास घ्यायचा कुठे, हा प्रश्न पडावा. तिसऱ्या गाण्याच्या शेवटी ओलू दारा यांचे कॉर्नेट येते. मुलगा आणि त्याचा सोबती एझी आयुष्याच्या बेभरवशेपणाविषयी बोलून थांबतात आणि बापाचे वाद्य ते बोलणे हळुवारपणे पुढे नेते. तबकडीवर त्या फुंकेतली हवासुद्धा जाणवते. दुसऱ्या बाजूवरचे 'वन लव्ह' हे तुरुंगातल्या मित्रांना लिहिलेल्या पत्रांच्या रूपातले गाणे आहे. कोणाच्या घरी काय चालले आहे, कोण भेटायला येत नाही, असा गावाकडच्या पत्रासारखा साधा मजकूर त्यात आहे, आणि माझ्या मते अल्बममधले सर्वांत थोर लेखन तेच आहे.

उणिवाही सांगायला हव्यात. माझ्या प्रतीत गाण्यांचे शब्द छापलेले नाहीत, आणि क्वीन्स या न्यूयॉर्कच्या भागातली बोली आपल्यासारख्यांना सहज उलगडत नाही, त्यामुळे शब्द वेगळे शोधून समोर ठेवावे लागतात. काही ओळींतला स्त्रियांविषयीचा उल्लेख मला तेव्हाही खटकला होता आणि आजही खटकतो.

नासची पुढची वाटचाल मोठी आहे : 2001 मधला न्यूयॉर्कच्याच जे-झी या रॅपरशी झालेला गाजलेला शब्दसंग्राम, 2005 मध्ये त्याच जे-झीसोबत एका मंचावर येणे, आणि अनेक नामांकने हुकल्यानंतर 2021 मध्ये 'किंग्ज डिसीज' या अल्बमला मिळालेले पहिले ग्रॅमी. मुंबईशीही त्याचा धागा जुळला आहे. 2019 च्या 'गली बॉय' चित्रपटाचा तो कार्यकारी निर्माता होता आणि त्यानिमित्ताने आलेल्या एका गाण्यात कुर्ल्याचा नेझी व अंधेरीचा डिव्हाइन यांच्यासोबत त्याचा आवाज आहे. आपल्या वस्तीचे नाव अभिमानाने घेऊन रॅप करणाऱ्या या मुलांचे नाते मला तरी थेट क्वीन्सब्रिजशी लागते.

पोस्टखर्च धरून मला ही तबकडी तीन हजारांच्या आसपास पडली. ज्या ऑनलाइन दुकानातून ती मागवली, त्याने ती पातळ खोक्यात पाठवल्यामुळे वेष्टनाचा कोपरा दुमडून आला. तबकडीला धक्का लागला नव्हता म्हणून मी ती परत केली नाही, पण मागवताना जाड पुठ्ठ्याच्या बांधणीची खात्री आधी करून घ्यावी. रेकॉर्ड प्लेअर घरी असेल तर ही खरेदी निःशंकपणे करावी. नसेल तर केवळ यासाठी प्लेअर घेण्याची गरज नाही. मोबाइलवरच ऐकावे, मात्र पाचवे गाणे संपल्यावर मिनिटभर थांबावे आणि मगच सहावे लावावे.