संघ बदललेला रनिंग बॅक फँटसीत घ्यावा का? बार्कली, हेन्री, मरे आणि बेल

मार्चमध्ये एनएफएलचे, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचे, करार संपलेले खेळाडू नवे संघ गाठतात आणि ऑगस्टच्या अखेरीस ऑफिसच्या फँटसी लीगचा ड्राफ्ट असतो: प्रत्येक जण पाळीपाळीनं खरे खेळाडू निवडून आपला कागदी संघ बनवतो आणि त्यांच्या खऱ्या सामन्यांतल्या कामगिरीवर गुण मिळवतो. मधल्या पाच महिन्यांत मला दरवर्षी कुणी ना कुणी एकच प्रश्न विचारतं: अमुक रनिंग बॅकनं संघ बदललाय, नाव मोठं आहे, पहिल्या दोन फेऱ्यांत घेऊ का? यंदा विचारणारा माझा मावसभाऊ. दोन वर्षांपूर्वी तो न्यू जर्सीत आला, आणि या लीगमध्ये त्याचं हे पहिलंच वर्ष. त्याला फोनवर तासभर जे सांगितलं ते इथे जरा नीट मांडतो, कारण हा निर्णय नावावर घेतला की पुढचे चार महिने पस्तावायची पाळी येते. आणि आकडे हाताशी असताना तो नावावर घ्यायचं काही कारण नाही.

आधी रनिंग बॅकच्या कामाबद्दल दोन शब्द. चाल सुरू होताना चेंडू घेणारा क्वार्टरबॅक त्याच्या हातात चेंडू देतो आणि तो समोर धावत सुटतो. अशी प्रत्येक खेप म्हणजे एक धाव, आणि तीत तो किती यार्ड पुढे गेला ते मोजतात. त्याच्यापुढे ऑफेन्सिव्ह लाइनचे पाच धिप्पाड गडी असतात. समोरच्यांना रेटून वाट मोकळी करायची, हे त्यांचं काम. बचावपटूचा पहिला स्पर्श होईपर्यंतचे यार्ड बहुतेक या पाच जणांच्या मेहनतीचे असतात आणि त्यानंतरचे धावणाऱ्याचे स्वतःचे. पण आकडेवारीत सगळे यार्ड एकाच माणसाच्या नावावर जमा होतात. संघ बदलताना तो स्वतःचे पाय घेऊन जातो. ते पाच जण जुन्या गावातच राहतात. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीवर उभं आहे.

आता २०२४ चा मार्च घ्या. एकाच आठवड्यात दोन मोठ्या धावपटूंनी संघ बदलले. सेक्वान बार्कली न्यू यॉर्क जायंट्स सोडून फिलाडेल्फिया ईगल्सकडे गेला: तीन वर्षं, ३ कोटी ७७ लाख ५० हजार डॉलर. डेरिक हेन्री टेनेसी टायटन्स सोडून बॉल्टिमोर रेव्हन्सकडे गेला: दोन वर्षं, १ कोटी ६० लाख डॉलर. बार्कली २७ वर्षांचा होता, हेन्री ३०. रनिंग बॅकची तिशी उलटली की तो संपला असं मानायची इथे रीत आहे, आणि हेन्रीचा करार स्वस्तात झाला तो त्यामुळेच.

दोघांचं आधीचं वर्ष कागदावर साधारणच होतं. २०२३ मध्ये बार्कलीचे ९६२ यार्ड, दर धावेला ३.९. हेन्रीचे १,१६७, दर धावेला ४.२. एवढंच पाहून ज्यांनी दोघांना बाजूला सारलं, त्यांनी जायंट्सची लाइन पाहिली नव्हती. त्या वर्षी जायंट्सचे क्वार्टरबॅक ८५ वेळा चेंडूसकट पाडले गेले. एनएफएलच्या साऱ्या इतिहासात एका मोसमात याहून वाईट आकडा एकच आहे. ज्या लाइनला क्वार्टरबॅकला तीन सेकंद उभं ठेवता येत नाही, ती धावणाऱ्याला कुठून वाट देणार? टायटन्सकडे दुखणं वेगळं होतं. तिथे हवेतून फेकलेल्या पासची धास्ती कुणाला वाटतच नव्हती, म्हणून समोरचा संघ सात-आठ माणसं सरळ हेन्रीच्या वाटेवर उभी करायचा.

ईगल्समध्ये बार्कलीपुढे डावीकडे जॉर्डन मायलाटा आणि उजवीकडे लेन जॉन्सन आले. मायलाटा ऑस्ट्रेलियात रग्बी खेळायचा. एनएफएलमध्ये निवडला जाण्याआधी अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना तो खेळला नव्हता. लाइनचे प्रशिक्षक जेफ स्टाउटलंड यांनी त्याला घडवला. बार्कलीचं त्या मोसमातलं काम सगळ्यांना ठाऊक आहे: ३४५ धावा, २,००५ यार्ड, दर धावेला ५.८. पहिला सामना ब्राझीलमध्ये साओ पावलोला, त्यात तीन टचडाउन, म्हणजे चेंडू तीनदा गोलरेषेपार. ऑक्टोबरमध्ये जुन्या घरी, जायंट्सच्या ईस्ट रदरफर्डच्या मैदानावर, फक्त १७ धावांत १७६ यार्ड. नोव्हेंबरमध्ये रॅम्सविरुद्ध २५५. मोसमाच्या शेवटच्या सामन्यात त्याला विश्रांती दिली, नाहीतर एरिक डिकरसनचा १९८४ पासूनचा २,१०५ यार्डांचा विक्रम १०१ यार्डांवर आला होता. प्लेऑफ धरून त्याचे २,५०४ यार्ड झाले, आणि तो मात्र विक्रम आहे.

त्या ऑक्टोबरमधल्या दुपारी जायंट्सचे चाहते असलेल्या मित्रांच्या घरी मी बसलो होतो. एडिसनच्या बाजूला आपली बरीच मराठी मंडळी जायंट्सची आणि राज्याच्या दक्षिणेला ईगल्सची, त्यामुळे एकाच गणपतीच्या आरतीला दोन्ही जर्सी दिसतात. त्या दिवशी बार्कलीला कुणी नावं ठेवली नाहीत. सगळे त्याच्यापुढच्या मोकळ्या मैदानाकडे बघत राहिले. आपल्याकडे सहा वर्षं होता तो हाच माणूस, हे सगळ्यांना दिसत होतं.

हेन्रीची गोष्ट थोडी निराळी आहे आणि ड्राफ्टसाठी जास्त शिकवणारी. रेव्हन्सची लाइन त्या वर्षी मोठी नावाजलेली नव्हती. आदल्या मोसमातले तीन जण गेले होते. हेन्रीला वाट मिळाली ती क्वार्टरबॅक लमार जॅक्सनमुळे. चेंडू हेन्रीच्या पोटाशी नेताना जॅक्सन तो देईल की स्वतः घेऊन पळेल, हे शेवटच्या क्षणापर्यंत कळत नाही. कडेचा बचावपटू जॅक्सनवर नजर ठेवून जागीच थबकतो. एक माणूस असा आपोआप कमी झाला की ११० किलोंहून जड हेन्रीला दोन पावलांत वेग घेता येतो, आणि एकदा वेग घेतला की त्याला एकट्यादुकट्यानं अडवणं कठीण. १,९२१ यार्ड, दर धावेला ५.९, धावून १६ टचडाउन.

त्याची सुरुवात मात्र जेमतेम होती. पहिल्या सामन्यात चीफ्सविरुद्ध १३ धावांत ४६ यार्ड, दुसऱ्यात ८४. आमच्या लीगमध्ये एकानं घाबरून त्याला बदल्यात देऊन टाकलं. तिसऱ्या आठवड्यात डॅलसमध्ये १५१, चौथ्यात बिल्सविरुद्ध रेव्हन्सच्या पहिल्याच चालीवर ८७ यार्डांचं टचडाउन. नवा संघ, नवी लाइन, नवा क्वार्टरबॅक. एकमेकांची लय जमायला वेळ लागतोच. संघ बदललेला धावपटू घेतलात तर किमान चार आठवडे त्याला बदल्यात द्यायचं नाही, असं स्वतःला बजावून ठेवा.

आता दोघांना शेजारी शेजारी ठेवून गुण मोजू. बहुतेक लीगमध्ये १० यार्डांना १ गुण आणि टचडाउनला ६. झेललेल्या प्रत्येक पासला कुठे १ गुण, कुठे अर्धा, कुठे काहीच नाही. बार्कलीचे २०२४ चे एकूण यार्ड २,२८३, टचडाउन १५, झेल ३३. हेन्रीचे २,११४ यार्ड, १८ टचडाउन, १९ झेल. फंबलचे, म्हणजे हातातून चेंडू सुटल्याचे, वजा गुण सोडले तर झेलांना गुण नसलेल्या लीगमध्ये बार्कली ३१८.३ आणि हेन्री ३१९.४. म्हणजे २,००० यार्डांचा मोसम, सगळीकडे वाहवा, आणि तरी हेन्री गुणभर पुढेच. झेलाला पूर्ण गुण असेल तर बार्कली ३५१.३, हेन्री ३३८.४.

हे असं का होतं ते समजून घ्या. गोलरेषेपाशी एक यार्ड उरला की ईगल्स चेंडू क्वार्टरबॅक जेलेन हर्ट्सकडेच ठेवायचे आणि दोघे-तिघे त्याला मागून ढकलत रेषेपार न्यायचे. २०२४ मध्ये हर्ट्सनं स्वतः धावून १४ टचडाउन केली. त्यातली कित्येक दुसऱ्या संघात रनिंग बॅकच्या खात्यावर पडली असती. रेव्हन्समध्ये तो एक यार्ड बहुतेक वेळा हेन्रीचा. म्हणून नवा संघ पाहताना ‘किती धावेल’ याच्याइतकंच ‘शेवटचा यार्ड कुणाचा’ हेही विचारा. माझ्या मते ड्राफ्टमध्ये सगळ्यांत जास्त दुर्लक्ष याकडेच होतं.

इथवर वाचून संघबदल म्हणजे लॉटरी असं वाटेल, म्हणून दुसरी बाजू. डीमार्को मरे. २०१४ मध्ये डॅलस काउबॉइजकडून ३९२ धावा, १,८४५ यार्ड, वर्षातला सर्वोत्तम आक्रमक खेळाडू. पुढे कोण होतं? टायरन स्मिथ, ट्रॅव्हिस फ्रेडरिक, झॅक मार्टिन, तिघंही एनएफएलच्या स्वतःच्या ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत निवडलेले. २०१५ मध्ये तो ईगल्सकडे आला, पाच वर्षं आणि ४ कोटी डॉलर. त्याच फिलाडेल्फियात, जिथे नऊ वर्षांनी बार्कली २,००० यार्ड धावणार होता, मरेला १९३ धावांत ७०२ यार्ड मिळाले. दर धावेला ३.६.

डॅलसमध्ये तो क्वार्टरबॅकच्या बराच मागे उभा राहून सरळ समोर धाव घ्यायचा, एक वळण आणि सुसाट. फिलाडेल्फियात प्रशिक्षक चिप केली यांच्या पद्धतीत त्याला क्वार्टरबॅकच्या शेजारी उभं राहून आधी आडवं पळायचं होतं. त्याच संघात रायन मॅथ्यूज हा दुसरा रनिंग बॅक तीच कामं दर धावेला पाच यार्डांनी करत होता, म्हणजे दोष केवळ लाइनचा नव्हता. मरेला ती चाल जुळत नव्हती. पुढच्याच वर्षी टायटन्सनं त्याला घेतलं, पुन्हा सरळ धावायला दिलं, आणि १,२८७ यार्ड आले. माणूस तोच, वय डॅलसमधल्यापेक्षा दोन वर्षांनी जास्त.

आणि मजेचा धागा असा की टायटन्समध्ये मरेच्या मागे बसलेला नवखा पोरगा होता डेरिक हेन्री. मरे असल्यामुळे पहिल्या दोन वर्षांत हेन्रीच्या वाट्याला ११० आणि १७६ धावाच आल्या. तिशीत हेन्रीचे पाय शाबूत राहिले त्यात या दोन वर्षांचा हात आहे, असं मला ठामपणे वाटतं.

लेव्हियन बेलबद्दल थोडक्यात. पिट्सबर्ग स्टीलर्समध्ये तो लाइनमागे थांबून फट पडायची वाट बघायचा, कारण फट पडणार याची खात्री असायची. कराराच्या वादात २०१८ चा पूर्ण मोसम घरी बसला. २०१९ मध्ये न्यू यॉर्क जेट्सनी चार वर्षांसाठी ५ कोटी २५ लाख डॉलर दिले. जेट्सच्या लाइनमागे थांबलं की फट पडत नव्हती, माणसं अंगावर येत होती. २४५ धावा, ७८९ यार्ड, दर धावेला ३.२. मी त्याला पहिल्या फेरीत घेतलं होतं. त्यातल्या त्यात वाचवलं ते ६६ झेलांनी. पास झेलणारा धावपटू वाईट लाइनमागेही काही ना काही देतो. त्यामुळे झेलाला पूर्ण गुण असतील तर असा माणूस चौथ्या-पाचव्या फेरीत घ्यायला हरकत नाही. पहिल्या फेरीत नक्कीच नाही.

एक आकडा मात्र मला मरे आणि बार्कली यांच्यात सारखा सापडला, आणि तो पाहून मी थबकलो. प्लेऑफ धरून मरेच्या २०१४ मधल्या धावा ४३६. प्लेऑफ धरून बार्कलीच्या २०२४ मधल्या धावाही ४३६. पुढच्या वर्षी मरे घसरला, तेव्हा सगळ्यांनी संघबदलाकडे बोट दाखवलं. बार्कलीनं २०२५ मध्ये संघ बदलला नव्हता. तरी त्याची सरासरी ५.८ वरून ४.१ च्या आसपास आली. लेन जॉन्सनसह लाइनमधल्यांच्या दुखापती आणि आक्रमणाच्या चाली ठरवणारा नवा प्रशिक्षक ही कारणं होतीच. पण ४३६ वेळा आपटून घेतलेलं अंगही होतं. हेन्रीलाही हे चुकलं नाही. २०२० मध्ये ३७८ धावा आणि २,०२७ यार्ड, मग २०२१ मध्ये आठव्या सामन्यात पायाचं हाड मोडलं. त्या ऑगस्टमध्ये, २०२५ ला, बार्कली बहुतेक ड्राफ्टमध्ये पहिल्या दोन-तीन नावांत गेला, आणि हेन्रीनं त्याच मोसमात, तिशी उलटून गेल्यावर, पुन्हा १,५०० यार्ड ओलांडले.

मावसभावाला मी एवढंच सांगितलं. आधी नव्या संघाच्या पाच जणांची नावं काढ आणि त्यातले किती जण निरोगी आहेत ते बघ. मग क्वार्टरबॅकच्या पायांची समोरच्याला धास्ती आहे का ते बघ. असेल तर सामान्य लाइनही चालून जाते. धावपटू जुन्या संघात कुठे उभा राहायचा आणि नव्यात कुठे उभा राहणार, हे सराव सामन्यांत दहा मिनिटं पाहिलं तरी कळतं. गेल्या वर्षी प्लेऑफ धरून चारशेच्या वर धावा झाल्या असतील तर एक फेरी खाली थांब. आणि दोन धावपटू तुल्यबळ वाटले, तर आधीचं वर्ष वाईट लाइनमागे गेलेला घे, कारण लीगमधले बाकीचे त्याचा ३.९ बघून पुढे सरकतील.

त्याची पाळी सातवी आहे. परवा रात्री त्यानं पहिल्यांदा एका संघाच्या पाचही लाइनमनची नावं मला न अडखळता म्हणून दाखवली.