सेमिनोल की अपाची : बहुइंजिनी प्रशिक्षक होताना कोणते विमान निवडावे

अमेरिकेत शिकणाऱ्या एका वैमानिकाने विचारले की बहुइंजिनी प्रशिक्षकाची पात्रता पायपर कंपनीच्या सेमिनोल या दोन इंजिनांच्या विमानावर मिळवावी की तिच्याच जुन्या, दोन इंजिनांच्या अपाचीवर. तेथील नियमानुसार बहुइंजिनी विमानांवर मुख्य वैमानिक म्हणून किमान 15 तास हवेत आणि ही अट दोन्ही विमानांवर पूर्ण होते.

भाड्याच्या दृष्टीने 1954 मध्ये बाजारात आलेली अपाची सहसा स्वस्त पडते. मात्र तिची दुरुस्ती लांबली की प्रशिक्षणही रखडते.

खरा फरक शिकवण्यात आहे. सेमिनोलचे पंखे (प्रोपेलर) परस्परविरुद्ध दिशांना फिरत असल्याने तिच्यात 'क्रिटिकल इंजिन', म्हणजे जे बंद पडल्यास विमान सांभाळणे अधिक अवघड होते असे इंजिन, नसते, आणि ही संकल्पना विद्यार्थ्याला फळ्यावरच समजवावी लागते. अपाचीत ते डावे इंजिन असते. शिवाय मूळ रचनेत हायड्रॉलिक पंपही त्याच इंजिनावर असल्याने ते बंद पडताच नियंत्रण राखत चाके हातपंपाने खालीवर करावी लागतात. विद्यार्थ्याची चूक ओळखायला शिकणाऱ्यासाठी हा अनुभव मला अमूल्य वाटतो.

परंतु पात्रता मिळाल्यावरही, ज्या मॉडेलवर परवान्याचे किंवा रेटिंगचे (परवान्यावर नोंदल्या जाणाऱ्या विशिष्ट पात्रतेचे) प्रशिक्षण द्यायचे, त्यावर मुख्य वैमानिक म्हणून 5 तास लागतात, आणि हा खर्च अनेकजण विसरतात.

म्हणून सेमिनोल वापरणाऱ्या संस्थेत नोकरी ठरलेली असेल, तर सेमिनोलच घ्यावी. नोकरीची घाई नसेल आणि जवळ सुस्थितीतील अपाची व तिचा जाणकार प्रशिक्षक असेल, तर अपाची अधिक शिकवते.