मुलाचा मोडलेला पाय आणि अर्धवट पाडलेले घर : बदल केल्यानंतर आठ महिन्यांचा अनुभव

जुन्या घराची दुरुस्ती सुरू असताना जिन्याचा कठडा पॉलिशसाठी काढून नेला होता आणि दोन दिवसांचाच प्रश्न म्हणून आम्ही त्या जागी नुसती दोरी बांधली होती. त्याच दोन दिवसांत आमचा नऊ वर्षांचा मुलगा पाचव्या पायरीवरून खाली पडला. मांडीचे हाड मधोमध मोडले, शस्त्रक्रिया करून आत टायटॅनियमच्या दोन लवचिक सळ्या घालाव्या लागल्या. कठडा काढायला मीच सांगितले होते, त्यामुळे दोष कोणाचा हा विषय आमच्या घरात कधी निघाला नाही. दुसरा कठडा तयार उभा असल्याशिवाय पहिला काढू नये, एवढेच या बाबतीत सांगते.

काम थांबवणे शक्य नव्हते, कारण न्हाणीघर आधीच फोडून झाले होते. म्हणून खालच्या मजल्याचा आराखडा आम्ही आठवड्याभरात बदलला आणि चाकाच्या खुर्चीतला, नंतर कुबड्यांवरचा मुलगा डोळ्यांपुढे ठेवून नवे काम करून घेतले. त्यातले काय कामाला आले आणि काय नाही, ते आता आठ महिन्यांनंतर लिहिते आहे.

सर्वांत उपयोगी ठरला तो न्हाणीघराचा काढून टाकलेला उंबरठा. पूर्वी तेथे चार इंचांची पट्टी होती. आता बाहेरची आणि आतली फरशी एका पातळीत आहे आणि पाणी बाहेर येऊ नये म्हणून आतला उतार दाराकडून जाळीकडे दिला आहे. हे सांगायला सोपे असले तरी त्यासाठी आतली जमीन खोल खणून वॉटरप्रूफिंग नव्याने करावे लागले. ते झाल्यावर पाणी साठवून ठेवण्याची चाचणी चोवीस तासांत उरकावी, असा माझा आग्रह होता, कारण मुलाला अंथरुणातच स्पंजने पुसून घ्यावे लागत होते आणि तो त्याला कंटाळला होता. गवंडी मात्र ऐकेना. "ताई, दोन दिवस पाणी राहू द्या, नाहीतर नंतर फरशी उखडायला मला बोलावू नका," असे तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यातल्या पाइपपाशी ओल दिसली, तेव्हा मी गप्प बसले.

दार ६० सेंटिमीटरचे होते. खुर्ची त्यातून जात होती, पण चाक फिरवणाऱ्या हाताची बोटे चौकटीला घासत होती. ही गोष्ट टेप लावून कळत नाही, स्वतः खुर्चीत बसून दारातून जावे लागते. आम्ही ८० सेंटिमीटरचे, वरून टांगलेले सरकते दार बसवले. खाली खाच नसल्याने चाक अडकत नाही, पण हे दार भिंतीला चिकटून बसत नाही आणि आतला प्रत्येक आवाज बाहेर ऐकू येतो, याची पूर्वकल्पना आम्हाला कोणी दिली नव्हती. मुलगा आता मोठ्याने गाणी म्हणत आंघोळ करतो, तो भाग वेगळा.

खडबडीत फरशीविषयी माझे मत संमिश्र आहे. आर-११ दर्जाची (हे घसरण रोखण्याच्या क्षमतेचे माप आहे) टाइल ओल्या पायाला खरोखर धरून ठेवते, मात्र तिच्या खरखरीत पृष्ठभागात साबणाचा थर बसतो आणि तो ब्रशने घासून काढला नाही तर तीही निसरडी होते. खरा धोका निघाला तो दाराबाहेर. कुबड्यांची रबरी बुचे न्हाणीघरात ओली व्हायची आणि बाहेरच्या गुळगुळीत, कोरड्या फरशीवर पहिल्याच पावलाला सटकायची. एकदा तो असा सटकला, पण चौकटीला धरून सावरला. पायपुसणे टाकले तर त्याच्या कडेत कुबडी अडकते. शेवटी त्यानेच तोडगा काढला : दाराशी त्याच्या हाताच्या उंचीवर खुंटीला जुना टॉवेल, आणि बाहेर पडण्यापूर्वी तेथे भिंतीला पाठ टेकून एकेका कुबडीचे बूच उचलून पुसायचे. संपूर्ण दुरुस्तीत इतकी स्वस्त आणि इतकी उपयोगी दुसरी गोष्ट नाही.

आधाराच्या दांड्यांवर मात्र पैसे वाया गेले. पहिली दांडी आम्ही मोठ्यांच्या मापाने बसवली, ती त्याला बसल्या जागेवरून उंच पडली. दुसरी खाली बसवताना टाइलमागे पोकळी निघाली, टाइल तडकली आणि तेवढी भिंत काँक्रीटने भरून घ्यावी लागली. दांड्यांच्या जागा टाइल लावण्यापूर्वीच भरीव करून ठेवायला हव्या होत्या. चिकटवायच्या रबरी कपाच्या दांडीचाही मोह झाला होता, पण जिच्यावर अंगाचा सगळा भार येणार ती वस्तू हवेच्या दाबावर सोडणे मला पटले नाही. आज दोन्ही दांड्यांवर कपडे वाळतात.

धुळीचा त्रास अपेक्षेपेक्षा अधिक झाला. टाइल कोरडी कापली की सिलिकाची बारीक धूळ उडते आणि ती फुप्फुसांना घातक असते, म्हणून कापणी अंगणात आणि पाणी सोडूनच करायची, अशी अट आम्ही घातली. मुलाच्या खोलीच्या दाराला दुहेरी प्लास्टिक लावले. त्याने धूळ अडली, आवाज अडला नाही. ड्रिल सुरू झाले की तो दोन्ही हातांनी पाय धरून बसायचा. पाय दुखत नसे, हादरा बसेल या भीतीने धरायचा. मग फोडण्याचे काम त्याच्या फिजिओथेरपीच्या वेळेत, तो घराबाहेर असतानाच करायचे ठरले. काम बारा दिवस लांबले, पण याचा पश्चात्ताप नाही.

राहिला बाहेरचा रॅम्प. दोन पायऱ्या मिळून उंची ३० सेंटिमीटर, आणि एकास बारा हे प्रमाण धरले तर लांबी ३६० सेंटिमीटर हवी. जागा होती २४० ची. म्हणजे उतार एकास आठ झाला, जो मागून ढकलणाऱ्यासाठी चालतो, पण एकट्याने खुर्ची चालवणाऱ्यासाठी नाही. खुर्ची दीड महिनाच लागली, म्हणून निभावले. सिमेंटचा पक्का रॅम्प बांधावा, असे घरातल्या सर्वांचे म्हणणे होते, मी लाकडी, स्क्रूने जोडलेला करून घेतला. पावसात तो निसरडा झाला, वरच्या खरखरीत पट्ट्या एकदा बदलाव्या लागल्या. आता मुलगा पळतो, रॅम्पवरून सायकल घेऊन उतरतो आणि ओरडा खातो. पुढच्या महिन्यात त्याच्या पायातल्या सळ्या काढायच्या आहेत आणि त्यानंतर थोडे दिवस पुन्हा कुबड्या लागतील, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. रॅम्पचे स्क्रू काढायला सुतार मागच्या रविवारी आला होता, त्याच्याकडून ते घट्ट करून घेतले.