वॉरंटी संपलेलं मशीन: कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला द्यावं की बाहेरच्या मेकॅनिकला?

ज्यांच्या घरात हा प्रश्न आत्ता उभा आहे त्यांच्यासाठी लिहितोय. वॉशिंग मशीन, फ्रिज, एसी यांपैकी काहीतरी बंद पडलंय, वॉरंटी कार्डावरची तारीख उलटून गेलीय आणि फोनवरचा माणूस सांगतोय की आता सगळे पैसे भरावे लागतील. मी दोन्ही वाटांनी जाऊन आलोय. माझा कल एका बाजूला आहे. दुसरी बाजू जिथे खरोखर वरचढ ठरते तिथे तेही सांगेन.

आधी कायद्यातली एक गोष्ट, कारण पुढचा सगळा हिशोब तिच्यावर उभा आहे. वॉरंटी संपली म्हणजे ग्राहक म्हणून आपला हक्कच संपला, असं सर्व्हिस सेंटरच्या बोलण्यावरून वाटतं. तसं नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ वस्तूतला दोष आणि सेवेतली त्रुटी या दोन गोष्टी वेगळ्या मानतो. वॉरंटीनंतर पहिली सिद्ध करणं अवघड जातं. बिघाड मुळात उत्पादनातलाच होता, वापरामुळे किंवा व्होल्टेजमुळे आलेला नव्हता, हे दाखवायला बहुधा तज्ज्ञाचं मत लागतं. दुसरी बाजू मात्र उलट भक्कम होते. आता दुरुस्तीचे पैसे तुम्ही मोजताय, म्हणजे ती तुम्ही विकत घेतलेली सेवा आहे. पैसे घेऊनही काम नीट केलं नाही, न बदललेल्या पार्टचे पैसे लावले, मशीन नेऊन महिनोन् महिने अडकवून ठेवलं, तर तक्रारीला नवं कारण तयार होतं आणि त्या दिवसापासून दोन वर्षांची मुदत मिळते. मूळ खरेदी किती जुनी आहे याने त्यात फरक पडत नाही.

त्यामुळे मशीन कुणाकडे द्यावं हे ठरवताना खर्चाबरोबर हेही बघावं लागतं की उद्या दाद मागायची वेळ आली तर आपल्या हातात कोणता कागद असेल. माझा निर्णय शेवटी या कागदावरच ठरला.

सर्व्हिस सेंटरची जमेची बाजू मोठी आहे. पार्ट मूळ कंपनीचा मिळतो, बिल जीएसटीसह पक्कं मिळतं, बदललेल्या पार्टवर काही महिन्यांची हमीही बहुतेकदा लेखी असते. दुसरं म्हणजे, वॉशिंग मशीनच्या मोटरवर किंवा फ्रिजच्या कॉम्प्रेसरवर जी दहा वर्षांची वॉरंटी ठळक अक्षरात छापलेली असते, ती बाकीची वॉरंटी संपली तरी चालू असते. बाहेरच्या माणसाने मशीन उघडलं की कंपनी तेच कारण पुढे करून ती नाकारू शकते. फक्त त्या दहा वर्षांच्या ओळीखालचा बारीक मजकूर वाचून घ्या. बऱ्याचदा ती वॉरंटी नुसत्या पार्टची असते. मजुरी, व्हिजिट चार्ज, गॅस भरण्याचा खर्च आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी आपल्यालाच भरावा लागतो.

गॅसचं काम असेल तर मी मुळीच विचार करत बसणार नाही, सरळ कंपनीला फोन करेन. आताच्या घरगुती फ्रिजमध्ये बहुधा आर-६००ए असतो, म्हणजे आयसोब्युटेन, आणि तो पेट घेतो. नव्या एसींमधला आर-३२ त्यामानाने सौम्य असला तरी तोही ज्वलनशील आहे. यात गॅस वजन करून भरावा लागतो आणि पाइपला जोड देण्याआधी आतला गॅस पूर्ण काढावा लागतो. ही साधनं आणि हे प्रशिक्षण असलेले बाहेरचे मेकॅनिकही आहेत, पण ते ओळखायचे कसे हे आपल्याला सांगता येत नाही. स्वयंपाकघरात पाइप जोडायचा ज्योतीचा टॉर्च पेटवून हा प्रयोग नको.

आता तो त्रास, ज्याने माझं मत ठरवलं.

आमचं टॉप लोड मशीन पाणी घेईना. कंपनीचा माणूस आला, पॅनेलवरचा एरर कोड बघितला आणि पीसीबी, म्हणजे मशीन चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड, बदलावी लागेल म्हणाला. किंमत नव्या मशीनच्या साधारण एक तृतीयांश. मी एवढंच म्हटलं की नेमकं काय बिघडलंय आणि खर्च किती, हे लिहून द्या, घरात बोलून कळवतो. लिहून देता येत नाही, सगळं अ‍ॅपवर असतं, असं उत्तर मिळालं. अ‍ॅपवर फक्त रक्कम होती. व्हिजिट चार्ज घेऊन तो गेला आणि संध्याकाळपर्यंत मेसेज आला की तक्रार बंद केली आहे, कारण: ग्राहकाने दुरुस्तीस नकार दिला.

मी नकार दिलाच नव्हता. पुन्हा फोन केला की नवी तक्रार, नवा नंबर, पुन्हा व्हिजिट चार्ज, आणि कागद मागितला की पुन्हा तीच नोंद. इतरांचा अनुभव वेगळा असू शकेल. काही सर्व्हिस सेंटर खरोखर नीट जॉब शीट, म्हणजे कामाची लेखी नोंद, देतात. पण माझ्या बाबतीत अशी परिस्थिती झाली की बिघाड माझ्या घरात, पैसे माझ्या खिशातून, आणि काय घडलं याची एकमेव लेखी नोंद दुसऱ्याच्या हातात, तीही चुकीची. उद्या ग्राहक आयोगापुढे जायचं झालं तर पहिला पुरावा माझ्याच विरोधात गेला असता. पीसीबीची किंमत मी कदाचित सोसली असती. ती नोंद मात्र मला सोसवली नाही.

मग बाहेरचा मेकॅनिक. बाहेरचा म्हणजे दारावर स्टिकर चिकटवून जाणारा किंवा इंटरनेटवर पहिला नंबर दिसतो तो नव्हे. शोधताना कंपनीचं नाव लावून बसलेले कितीतरी नंबर दिसतात आणि त्यातल्या अनेकांचा कंपनीशी काही संबंध नसतो. मी म्हणतोय तो दुकान असलेला, बिल देणारा, बोर्ड दुरुस्त करणारा माणूस. पुण्यात असाल तर तपकीर गल्लीत आणि आसपास, मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या बाजूला चौकशी केली की दोन-तीन नावं मिळतात. तालुक्याच्या गावी तर पूर्वी टीव्ही दुरुस्त करणारेच आता हे काम करतात.

आमच्याकडे आलेल्या काकांनी आधी बोर्डाला हात लावला नाही. मीटर घेऊन पाण्याच्या व्हॉल्व्हची कॉइल तपासली. ती शॉर्ट झाली होती आणि तिच्यामुळे बोर्डावरचा तिला वीज देणारा ट्रायॅक, म्हणजे छोटा इलेक्ट्रॉनिक स्विच, उडाला होता. नुसता नवा बोर्ड बसवला असता तर शॉर्ट व्हॉल्व्हने तोही घालवला असता, असं त्यांनी दाखवून दिलं. व्हॉल्व्ह बदलला, बोर्डावर संरक्षणासाठी ओतलेलं रेझिन (घट्ट झालेला चिकट थर) त्या जागेपुरतं खरवडून ट्रायॅक बदलला, जुने दोन्ही पार्ट माझ्या हातात दिले. आणि मी मागितलं तसं दुकानाच्या लेटरहेडवर चार ओळींत लिहून दिलं: काय बिघडलं होतं, कशामुळे, काय बदललं, किती घेतले. एकूण खर्च कंपनीच्या आकड्याच्या पासंगालाही पुरला नसता. एका अनुभवावरून सगळ्यांना एकच माप लावू नये हे मान्य, पण मशीन आजही त्याच बोर्डावर चालतंय.

यात उणिवाही आहेत. रेझिन खोलवर असेल किंवा प्रोग्रॅम असलेली चिपच गेली असेल तर बाहेर काम होत नाही. पाल शिरून किंवा कोकणातल्या दमट हवेने बोर्डावरचे ट्रॅक गंजून गेले असतील, तर दुरुस्ती होते पण टिकेलच असं नाही. हमी फार तर तीन महिन्यांची, बरेचदा तोंडी. आणि पावसाळ्यात हे लोक वेळेवर सापडत नाहीत.

बाहेरच्या मेकॅनिककडे गेलं की कायद्याचं संरक्षण जातं, असाही एक समज आहे. तसं नसतं. पैसे घेऊन काम करणारा छोटा दुकानदारही त्याच कायद्यात येतो. बिल मागा, संकोच करू नका. ग्राहकाला बिल किंवा पावती न देणं ही २०१९ च्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा मानली गेली आहे. कंपनीच्या माणसालाही हेच लागू आहे.

मेकॅनिकचा तो चार ओळींचा कागद पुढे कामाला आला. मी तो जोडून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल केला आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, तक्रार नोंदवली. ही सेवा फुकट आहे, मराठीत बोलता येतं, डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, मिळतो आणि तक्रार कंपनीकडे उत्तरासाठी जाते. हेल्पलाइन कंपनीला आदेश देऊ शकत नाही, हे आधीच समजून घ्या. मला व्हिजिट चार्ज परत मिळाला आणि नकाराची ती नोंद दुरुस्त झाली. मशीनमध्ये मूळचा दोष होता हे कंपनीने मान्य केलं नाही, आणि एका व्हॉल्व्हसाठी त्यामागे लागावं असं मलाही वाटलं नाही.

रक्कम मोठी असेल तर मात्र जिल्हा ग्राहक आयोगाला घाबरू नका. वस्तूसाठी मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असली की जिल्हा आयोग चालतो, आणि ५ लाखांपर्यंत शुल्क शून्य आहे. म्हणजे घरातलं जवळपास प्रत्येक उपकरण त्यात बसतं. वकील सक्तीचा नाही. तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मग वॉरंटी कार्डावर दिल्लीच्या न्यायालयांचा उल्लेख असला तरी. १ जानेवारी २०२५ पासून ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल करता येतं. दोष तपासायला प्रयोगशाळेची गरज असेल तर आयोग वस्तू तपासणीला पाठवू शकतो. कायद्यात निकालाला तीन महिने आणि तपासणी असेल तर पाच महिने दिलेले आहेत, प्रत्यक्षात तारखा लांबतात. मसुदा कसा लिहावा हे कळत नसेल तर मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या जुन्या संस्थेकडे विचारावं. ही संस्था १९७५ पासून या कामात आहे.

एक्स्टेंडेड वॉरंटीबद्दल थोडक्यात. ती कंपनी देते की दुकानाने बांधलेली तिसरीच संस्था, हे आधी बघा. तिसरी असेल तर बिघाडाच्या दिवशी दोन कंपन्या एकमेकांकडे बोट दाखवतात. एसीसाठी मी कदाचित घेईन, मायक्रोवेव्हसाठी नाही.

आणि पार्ट आता येत नाही असं सांगितलं तर? आपल्याकडे सुटे भाग ठरावीक वर्षं मिळालेच पाहिजेत असं सांगणारा स्वतंत्र कायदा नाही. युरोपियन युनियनमध्ये २०२१ पासूनच्या नियमांनुसार वॉशिंग मशीनचे महत्त्वाचे भाग, त्या मॉडेलचं शेवटचं मशीन बाजारात आल्यानंतरही, किमान १० वर्षं आणि फ्रिजचे ७ वर्षं उपलब्ध ठेवावे लागतात. इथे केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, राइट टू रिपेअर, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल सुरू केलं. त्यावर कंपन्या मॅन्युअल, पार्ट आणि सर्व्हिस सेंटरची माहिती देतात. सध्या ती माहिती आहे, सक्ती नाही. हे बदलायला हवं असं मला मनापासून वाटतं, कारण चालू शकणारं मशीन एका पार्टपायी भंगारात जाणं कुणाच्याच हिताचं नाही. तोवर एवढं करा: पार्ट नाही हे वाक्य ईमेलवर मागा. पार्ट नाही असं सांगणाऱ्या फोनमध्येच बहुधा लगेच एक्स्चेंज ऑफरही येते. ती घ्यायचीच असली तरी आधी बाहेरच्या मेकॅनिकला दाखवून त्याचा कागद घ्या, बोर्डाचे आणि सीरियल नंबरच्या पट्टीचे फोटो काढा आणि मगच जुनं मशीन घराबाहेर जाऊ द्या. ते गेल्यावर आयोगालाही तपासणीसाठी काही मिळणार नाही.