बीएमआय ३२ ला वजन आणि शुगरसाठी जठराची बायपास केली, अकरा महिने झाले, आता लिहिते

आधी आकडे देऊन टाकते, कारण मी दुसऱ्यांचे अनुभव वाचायचे तेव्हा पहिले तेच शोधायचे. उंची १६५ सेंमी, ऑपरेशनच्या दिवशी वजन ८८ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) ३२.३. आज सकाळी ६७. वय ४३. डायबेटिस ६ वर्षांचा, दोन गोळ्या चालू असताना एचबीएवनसी (साधारण तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा) ८.४. ऑपरेशन रू-एन-वाय गॅस्ट्रिक बायपास, म्हणजे जुनी नेहमीची बायपास, मिनी नाही.

८८ किलो ऐकून तुम्हाला जे वाटलं ना तेच मला घरीदारी सगळ्यांनी ऐकवलं. आई म्हणाली, "अगं चांगलं धडधाकट पोट कापून घेतेस, त्यापेक्षा जिभेला लगाम घाल की." लगाम तीनदा घालून झाला होता, तिन्ही वेळा ८८ चे ७९ झाले आणि वर्षभरात परत ८८. शिवाय आधी पाच महिने सेमाग्लुटाइडचं, म्हणजे भूक कमी करणारं इंजेक्शनही घेतलं, सात किलो गेले, पण डोस वाढवला की उलट्या, दोन दिवस अंथरुणातून उठवायचं नाही, शेवटी बंद केलं तर सातातले पाच परत आले आणि मग उरलेले दोनही. तरी स्पष्ट सांगते, इंजेक्शन ज्यांना सोसतं त्यांनी या बीएमआयला आधी तेच नीट करून बघावं, सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत सरासरी १५ टक्के आणि टिर्झेपाटाइड या तसल्याच दुसऱ्या इंजेक्शनच्या मोठ्या डोसला २० टक्क्यांच्या आसपास वजन गेलेलं आहे, ते काही थोडं नाही. बंद केलं की बहुतेकांचं परत येतं एवढीच त्यातली मेख.

आणि नियमांत बसतं का, तर बसतं. ४० च्या वर किंवा ३५ च्या वर आणि सोबत आजार, हा जो नियम लोकांच्या डोक्यात आहे तो १९९१ चा. २०२२ मध्ये सर्जन लोकांच्या दोन मोठ्या संघटनांनी तो बदलला, आता ३५ च्या वर आजार असो नसो सर्जरी सुचवतात, ३० ते ३५ मध्ये डायबेटिससारखा आजार असेल तर विचार करा म्हणतात, आणि आशियाई वंशाच्या लोकांसाठी तर २७.५ पासूनच, कारण आपल्यात त्याच बीएमआयला पोटातली चरबी जास्त असते आणि शुगर लवकर बिघडते. मी हे प्रिंट काढून नवऱ्याला दिलं होतं, त्याने वाचलं नाही पण गप्प बसला.

तर ऑपरेशन करायचं ठरलं, पण कोणतं? माझा सगळा घोळ इथे झाला आणि म्हणूनच एवढं लिहायला बसलेय.

पहिल्या सर्जनकडे गेले तिथे दहा मिनिटांत निकाल. "तुमचा बीएमआय कमी आहे, तुम्हाला स्लीव्ह भरपूर झाली, बायपास म्हणजे मोठी सर्जरी, ती जास्त वजनवाल्यांना." ऐकायला किती बरोबर वाटतं ना! कमी वजन तर छोटं ऑपरेशन. मी घरी येऊन तारीखही जवळपास नक्की केली होती. त्यांनी मला अॅसिडिटीबद्दल एक प्रश्न विचारला नाही, एन्डोस्कोपी नाही, काही नाही, आणि मीही सांगितलं नाही कारण मला तो आजार वाटतच नव्हता, इतकी वर्षं गोळी घ्यायची सवय झालेली.

दुसरं मत घ्यायला गेले ते निव्वळ बहिणीच्या हट्टापायी. त्या मॅडमनी फाइल बाजूला ठेवली आणि विचारलं, "रात्री झोपताना किती उशा घेता?" मी म्हटलं दोन. "का?" आणि मग माझ्याच तोंडून निघालं की एक घेतली तर पहाटे घशाशी आंबट येतं, खोकत उठते. त्या फक्त म्हणाल्या, आधी एन्डोस्कोपी करू. त्यात निघालं काय तर छोटा हायटस हर्निया, म्हणजे जठराचा वरचा भाग छातीकडे सरकलेला, आणि अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला जखमा, रिपोर्टवर ग्रेड बी लिहिलेलं. फोटो दाखवला, गुलाबी अस्तरावर लाल ओरखडे, मांजरीने नखं मारल्यासारखे.

मग त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं ते मला कळलं तसं सांगते. स्लीव्हमध्ये जठराचा ७५ ते ८० टक्के भाग स्टेपल करून कायमचा काढून टाकतात, उरते केळ्यासारखी एक निमुळती नळी. भूक वाढवणारं घ्रेलिन मुख्यतः ज्या वरच्या फुगीर भागात बनतं तोच निघून जातो, त्यामुळे भूक मरते. आतडं जसंच्या तसं, व्हिटॅमिनची भानगड त्यामानाने कमी. पण त्या अरुंद नळीत प्रेशर वाढतं, खालचा दरवाजा अरुंद, मग अॅसिड जाणार कुठे तर वर. ज्यांना आधी त्रास नाही त्यांनाही नंतर सुरू होऊ शकतो, माझ्यासारखीला तर हमखास आमंत्रण. बायपासमध्ये उलटं, जठराच्या वरच्या टोकाला अंड्याएवढी पिशवी करतात, त्यात अॅसिड फारसं बनत नाही, आणि आतडं तोडून वाय आकारात जोडतात त्यामुळे पित्त वर यायची वाट लांब होते. म्हणून ती रिफ्लक्सवरही, म्हणजे अॅसिड वर येण्यावरही चालते.

हे नुसतं चित्रावर नाही. फिनलंडमध्ये स्लीव्ह आणि बायपासची तुलना करणारी स्लीव्हपास नावाची चाचणी झाली, तिचा दहा वर्षांचा निकाल २०२२ मध्ये आला, त्यात अन्ननलिकेला सूज स्लीव्हवाल्यांत ३१ टक्के आणि बायपासवाल्यांत ७ टक्के. हा एक आकडा वाचला आणि माझं ठरलं. आणि स्लीव्ह नाही जमली तर तिचीच बायपास करून घेता येते म्हणतात, येते, पण म्हणजे दोनदा भूल, दोनदा टाके. मी म्हटलं एकदाच काय ते होऊ दे.

शुगरचाही मुद्दा होताच. स्टँपीड नावाच्या अमेरिकन चाचणीत २७ ते ४३ बीएमआयचे डायबेटिसवाले घेतले होते, म्हणजे माझ्यासारखेही त्यात बसतात. पाच वर्षांनी एचबीएवनसी ६ किंवा खाली होता तो बायपासमध्ये २९ टक्के लोकांचा, स्लीव्हमध्ये २३, नुसत्या औषधांवर ५. बघा, बायपास आणि स्लीव्हमध्ये फार अंतर नाही, खरं अंतर ऑपरेशन आणि गोळ्या यांच्यात आहे, आणि तरीही दहातल्या सात जणांचा आकडा ६ च्या खाली नव्हताच. "ऑपरेशन केलं की डायबेटिस गेला" असं जो सांगेल त्याच्याकडून काही घेऊ नका. माझं सी-पेप्टाइड तपासलं, ते चांगलं होतं, म्हणजे शरीर अजून स्वतःचं इन्सुलिन बनवतंय, आणि सहा वर्षं म्हणजे फार जुना नाही, म्हणून आशा धरा म्हणाल्या. पंधरा वर्षं इन्सुलिनवर असलेल्याचं गणित वेगळं.

बाकीचे पर्याय भराभर. मिनी बायपास विचारली होती, त्यात एकच जोड, ऑपरेशन लवकर उरकतं, शुगरला छान, पण पित्त वर येण्याची शक्यता राहते, आणि मी रिफ्लक्ससाठीच एवढा आटापिटा करत होते. बँड, म्हणजे जठराभोवतीचा पट्टा, आता फारसं कोणी बसवतच नाही, सरकतो, रुततो, काढावा लागतो. बलून, म्हणजे जठरात ठेवायचा फुगा, बहुतेक सहा महिन्यांत काढतात, पुढे काय? तोंडातून दुर्बीण घालून आतून टाके घालतात ती एन्डोस्कोपिक स्लीव्ह मात्र मला मोहात पाडून गेली, काप नाही, जठर काढत नाहीत, वर्षभरात साधारण १४ टक्के वजन. शुगर नसती, नुसतं वजन असतं आणि अन्ननलिका ठीक असती तर मी कदाचित तेच केलं असतं. मोठमोठ्या आतडी वळवण्याच्या सर्जरींचं नावही मॅडमनी काढलं नाही, या बीएमआयला त्या कुपोषण करतील म्हणाल्या.

आता प्रत्यक्षात काय झालं ते.

आधी दोन आठवडे कमी कॅलरीचा डाएट, लिव्हर आकसायला, कारण दुर्बिणीतून काम करताना तेच मधे येतं. ऑपरेशन झाल्यावर पोटापेक्षा खांदा दुखला, पोटात भरलेल्या गॅसमुळे होतं ते, चाललं की कमी होतं. मग औषधाच्या बाटलीवर असतो तसला ३० मिलीचा कप आणि हातात घड्याळ, एक कप पाणी पंधरा मिनिटं पुरवायचं. मी एकदा विसरून नेहमीसारखा घोट घेतला, छातीच्या मधोमध असं अडकलं की डोळ्यांतून पाणी आलं, भिंतीला धरून उभी राहिले. परत ती चूक नाही झाली.

पण शुगर! तिसऱ्या दिवशी उपाशीपोटी ११२. वजन एक किलोही गेलेलं नाही अजून. खाणं जवळपास बंद होतं हे खरं, पण मॅडम म्हणाल्या आतड्यातले हार्मोन पण बदलतात, अन्न लवकर खालच्या आतड्यात पोचतं त्याने. एक गोळी घरी सोडतानाच बंद झाली, दुसरी चौथ्या महिन्यात. आता एचबीएवनसी ६.०, सात महिने गोळीशिवाय. ६.५ च्या खाली, तीन महिने औषधाशिवाय, याला ते रेमिशन म्हणतात, बरा झाला म्हणत नाहीत.

आणि उशी एकच. दुसऱ्या आठवड्यापासून. अॅसिडिटीची गोळी मात्र तीन महिने चालू ठेवली होती, जोडाला अल्सर होऊ नये म्हणून.

वजनाबद्दल एक गंमत सांगते, कारण यात भले भले फसतात. "जादा वजनाच्या १०० टक्के वजन घटलं" अशा जाहिराती असतात ना, तर माझ्या उंचीला २५ बीएमआय म्हणजे ६८ किलो, म्हणजे माझं जादा वजन होतं २० किलो, गेले २१, झाले १०५ टक्के! माझ्याच उंचीच्या १३० किलोवाल्या बाईचे २१ गेले तर तिचे ३४ टक्केच दिसतील. किलो तेवढेच. कमी बीएमआयला हा आकडा कायम झकास दिसतो, तो बघून हॉस्पिटल निवडू नका. मूळ वजनाच्या किती टक्के, ते विचारा. माझे २४.

आता वाईट. सहाव्या आठवड्यात भाच्याच्या वाढदिवसाला दोन चमचे आइस्क्रीम खाल्लं, दोनच. वीस मिनिटांत छाती धडधडायला लागली, घाम, पोटात मुरडा, बाथरूमच्या गार फरशीवर अर्धा तास पडून होते आणि बाहेर लहान मुलं दार वाजवतायत. हेच ते डम्पिंग. काही जण म्हणतात बरंच की, त्याने गोड सुटतं. सुटतं, पण असं सुटावं असं वाटत नाही हो.

चौथ्या महिन्यात केस. कंगव्यात नाही, मुठीत यायचे. आठव्यात थांबले, आता कपाळाजवळ छोटे छोटे उभे केस आलेत, हेअरबँडशिवाय बाहेर पडता येत नाही. प्रोटीन रोज ६० ग्रॅम खायला सांगितलं होतं, मी सुरुवातीला ४० च्या पुढे जात नव्हते, चूक माझीच.

चेहऱ्याचं कोणी सांगत नाही. मोठ्या बीएमआयवाल्यांचं वजन उतरलं की लोक कौतुक करतात, माझ्यासारखीचं उतरलं की विचारतात "बरं नव्हतं का गं?" गाल आत गेले, मान सैल. ऑफिसातल्या एकीने हळूच बाजूला घेऊन विचारलं, काही सिरियस नाही ना. दोन महिने रोज यावर रडले असेन, आता सवय झाली.

दाढ दुखली तेव्हा डेंटिस्टने सवयीने आयब्युप्रोफेन लिहून दिलं. बायपासनंतर ते चालत नाही, जोडाला अल्सर होतो, सिगरेटनेही तसंच. मी गोळी हातात घेतल्यावर आठवलं. तेव्हापासून पर्समध्ये चिठ्ठी ठेवलीय. आणि अचानक पोटात जोरात दुखलं, उलट्या थांबेनात तर घरगुती उपाय करत बसायचं नाही, आतडं आत कुठेतरी अडकू शकतं, वर्षांनंतरसुद्धा, हेही मला डिस्चार्जच्या वेळी दोनदा म्हणायला लावलं होतं.

आणि गोळ्या जन्मभर. डायबेटिसच्या दोन गेल्या, त्यांच्या जागी मल्टिव्हिटॅमिन, कॅल्शियम सायट्रेट, डी, बी१२, आयर्न. आयर्न आणि कॅल्शियममध्ये दोन तासांचं अंतर, त्यासाठी फोनवर पाच अलार्म. एवढं करून नवव्या महिन्यात फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या आयर्नच्या साठ्याचा आकडा, ९ म्हणजे फारच कमी आलं, जिना चढताना धाप लागायची ती मी वयावर ढकलत होते. पाळी चालू असलेल्या बायकांना हे जास्त होतं. स्लीव्ह केली असती तर कदाचित एवढं नसतं झालं, हे मी स्वतःशी कबूल केलंय, पण मग रात्री दोन उशांवर बसून खोकत असते.

नवरा परवा विचारत होता, परत तेच करशील का? हो म्हटलं, बायपासच, फक्त एन्डोस्कोपी आधी करून घेईन आणि तारीख नंतर घेईन. आणि फेरिटिन ऑपरेशनच्या आधीच तपासून भरून काढीन, तेव्हाच ते १८ होतं आणि कोणी लक्ष दिलं नाही, मीसुद्धा. गुरुवारी आयर्नचं दुसरं सलाइन आहे. पहिल्यानंतर जिना एका दमात चढले, आता आकडा किती वर येतो ते बघायचं.