‘रॅम कमी पडतेय’ म्हणत चौदा हजारांची नकली मेमरी गळ्यात मारली

रॅम म्हणजे कॉम्प्युटर चालू कामासाठी वापरतो ती मेमरी. तिच्या किमती भडकल्यापासून कॉम्प्युटरच्या बाजारात काही जणांचा एक धंदा जोरात चालला आहे. गिऱ्हाइकाची चांगली रॅम ‘एक्स्चेंज’मध्ये काढून घ्यायची, तिच्या जागी कुठल्यातरी जुन्या चिपांची, वरून झगमगीत स्टिकर लावलेली रॅम बसवायची आणि पैसेही गिऱ्हाइकाकडूनच घ्यायचे. माझ्या धाकट्या भावाला असंच लुबाडलं. तो पुण्यात कॉलेज करतो आणि रात्री मराठीतून गेम स्ट्रीम करतो. त्याच्यासारखी खूप मुलं आहेत. शिकवण्या घेऊन, डिलिव्हरीची कामं करून पै-पै साठवतात आणि एकेक पार्ट घेत पीसी उभा करतात. त्यांच्यासाठी आणि त्यांना पैसे देणाऱ्या घरच्यांसाठी हे लिहितेय.

दुकानाचं नाव देत नाही, गल्लीचंही नाही. त्याच गल्लीत वर्षानुवर्षं सचोटीने धंदा करणारी माणसं आहेत, आणि आम्हाला माल नीट तपासून दिला तोही त्यांच्यातल्याच एकाने.

भावाचं मशीन असं: रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, जीटीएक्स १६६० सुपर ग्राफिक्स कार्ड आणि डीडीआर४ जातीच्या, ३२०० वेगाच्या, ८-८ जीबीच्या रॅमच्या दोन स्टिक. नुसता गेम खेळताना काही त्रास नव्हता. स्ट्रीम सुरू केली की बघणाऱ्यांना चित्र अडखळत दिसायचं, आवाज मात्र नीट ऐकू यायचा. तो ज्यातून स्ट्रीम करतो त्या ओबीएस सॉफ्टवेअरच्या खालच्या पट्टीत ‘एन्कोडिंग ओव्हरलोडेड’ अशी सूचना यायची. आम्ही दुकानात तेवढंच सांगितलं होतं.

दुकानदाराने मशीन लावलं, गेम आणि ओबीएस दोन्ही सुरू केले आणि टास्क मॅनेजर उघडून स्क्रीन माझ्याकडे वळवली. मेमरी ७५ टक्के. “बघा मॅडम, पंचाहत्तर टक्के भरलीये. स्ट्रीमिंगला १६ जीबी आता पुरतच नाही. ३२ टाकून द्या, पोराचं काम झटक्यात होईल.”

या एका वाक्यावर थोडं थांबते, कारण पहिली फसवणूक तिथेच झाली. नकली माल नंतर आला. १६ जीबीतले ७५ टक्के म्हणजे १२ जीबी वापरात आणि ४ जीबी मोकळी. गेम आणि स्ट्रीम दोन्ही चालू असताना ४ जीबी शिल्लक राहत असेल तर रॅम कमी पडत नाहीये.  आणि पट्टीत येणारी सूचना रॅमबद्दल नव्हतीच. स्ट्रीम करताना प्रत्येक फ्रेम दाबून लहान करावी लागते, त्याला एन्कोडिंग म्हणतात. ओबीएसमध्ये एक्स२६४ हा एन्कोडर निवडलेला असेल तर ते काम प्रोसेसर करतो, म्हणजे गेमचा भार सांभाळणाऱ्या त्याच प्रोसेसरवर आणखी एक ओझं. भावाने क्वालिटी चांगली यावी म्हणून त्याचा प्रीसेट, म्हणजे फ्रेम किती बारकाईने दाबायची ते सेटिंग, ‘मीडियम’ ठेवला होता, तो आणखी जड. १६६० सुपरमध्ये या कामासाठी वेगळं सर्किट आहे, एनव्हेंक. सेटिंगमध्ये आउटपुटच्या पानावर एन्कोडर बदलायचा, बस्स. एक रुपयाही लागत नाही. रोज पीसी दुरुस्त करणाऱ्याला हे माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही.

ज्यांना खरोखर ठरवायचंय की रॅम वाढवावी की नाही, त्यांनी घरीच बघावं. ओबीएसच्या व्ह्यू मेनूत ‘स्टॅट्स’ आहे. तिथे हुकलेल्या फ्रेमचे तीन वेगवेगळे आकडे दिसतात. रेंडरिंग लॅगचा आकडा वाढत असेल तर ग्राफिक्स कार्डावर ताण आहे. गेमचे फ्रेम ६० वर किंवा मॉनिटरच्या वेगावर बांधून टाकले की बहुतेक वेळा तो कमी होतो. एन्कोडिंग लॅग वाढत असेल तर वर सांगितलेला प्रकार. तिसरा नेटवर्कचा, म्हणजे इंटरनेटच्या अपलोडची किंवा बिटरेटची (दर सेकंदाला किती डेटा पाठवायचा त्याची) भानगड. रॅमसाठी या तिघांत जागाच नाही. रॅम खरंच संपते तेव्हा लक्षणं वेगळी असतात: मेमरी ९५ टक्क्यांच्या पुढे जाऊन तिथेच राहते, त्याच वेळी डिस्कचा वापर उसळतो कारण विंडोज उरलेला पसारा डिस्कवर टाकू लागतं, गेम सेकंदभर गोठून पुन्हा चालू होतो आणि ऑल्ट-टॅब केलं की ब्राउझरची पानं नव्याने लोड होतात. ८ जीबीवर स्ट्रीम करणाऱ्यांना हे बऱ्याचदा दिसेल. ढीगभर मॉड लावून खेळणारे, शेजारी व्हिडिओ एडिटिंग उघडं ठेवणारे, ओबीएसचा रिप्ले बफर (नुकतंच खेळलेलं मेमरीत धरून ठेवायची सोय) लांबलचक ठेवणारे, यांना १६ सुद्धा कमी पडू शकते. त्यांनी जरूर ३२ घ्यावी. माझं म्हणणं एवढंच की आकडा तुमच्या मशीनवर, तुमचा गेम चालू असताना, तुम्ही पाहा.

आता विक्रीचा भाग. त्याने दोन १६ जीबीच्या स्टिक दाखवल्या, काळ्या हीटसिंकच्या (उष्णता बाहेर सोडणाऱ्या धातूच्या कवचाच्या), वर मोठ्या अक्षरात ३२००. नामांकित कंपनीचं स्टिकर. इतर दुकानांत ३२ जीबीच्या जोडीची जी किंमत सांगत होते त्यापेक्षा बरीच कमी. कारण विचारलं तर म्हणाला, “जुन्या स्टॉकचा माल आहे. आणि तुमच्या ८-८ च्या दोन्ही एक्स्चेंजमध्ये धरतो. तसं जुन्या रॅमला आता कोण विचारतंय? तुमच्यासाठी घेतो.” चौदा हजार ठरले. पक्कं बिल मागितलं तेव्हा उत्तर तयार होतं: “जीएसटी लावला तर अठरा टक्के वाढतील. तुमचे वाचवतोय. वॉरंटी माझी, दुकान कुठे पळून जात नाही.” कच्च्या बिलावर लिहिलं, ‘रॅम ३२ जीबी’. कंपनी नाही, स्पीड नाही, सिरियल नंबर नाही.

‘जुन्या रॅमला कोण विचारतंय’ हे त्या दिवसातलं सर्वात मोठं खोटं. २०२५ च्या उत्तरार्धात एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी इतकी वाढवली की सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन बड्या उत्पादकांनी आपला बराच मोर्चा तिकडे वळवला. घरच्या कॉम्प्युटरच्या रॅमचे भाव काही महिन्यांत दुपटीच्या वर गेले. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने तर क्रुशल हा आपला किरकोळ ग्राहकांचा ब्रँडच बंद करणार असल्याचं जाहीर केलं. डीडीआर४ चं उत्पादन आधीच आटत चाललं होतं, म्हणून वापरलेल्या पण अस्सल डीडीआर४ स्टिकला चांगला भाव येऊ लागला. म्हणजे भावाच्या दोन जुन्या स्टिक हाच त्या व्यवहारातला एकमेव खरा माल होता आणि तो दुकानदाराच्या ड्रॉवरमध्ये गेला.

घरी आल्यावर गेम आधीपेक्षा हळू चालायला लागला. स्ट्रीम तशीच अडखळत होती, त्यात अधूनमधून मशीन बंद पाडणारी निळी स्क्रीन आणि तिच्यावर ‘मेमरी मॅनेजमेंट’ अशी चूक. भावाने प्रोसेसर आणि रॅमची माहिती दाखवणारं सीपीयू-झेड हे सॉफ्टवेअर उघडलं. मेमरीच्या पानावर ड्रॅम फ्रिक्वेन्सी १०६६ च्या आसपास. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, नाहीतर उगाच घाबराल: डीडीआर मेमरीत एका ठोक्याला दोनदा माहिती जाते, म्हणून सीपीयू-झेड नेहमी निम्मा आकडा दाखवतं. ३२०० च्या स्टिकला १६०० दिसणं बरोबर. १०६६ म्हणजे २१३३.

आता, अस्सल ३२०० ची स्टिकसुद्धा नवीन बसवल्यावर बऱ्याचदा २१३३ किंवा २४०० वर चालते. बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या बोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन एक्सएमपी (स्टिकमध्ये साठवलेली जास्त वेगाची प्रोफाइल) चालू करावं लागतं, काही बोर्डांवर त्याला डीओसीपी म्हणतात. म्हणून भाऊ बायोसमध्ये गेला. एक्सएमपीचा पर्यायच नव्हता, कारण स्टिकमध्ये तशी प्रोफाइलच नव्हती. सीपीयू-झेडच्या एसपीडी पानावर प्रत्येक स्टिकची आत साठवलेली माहिती दिसते. स्टिक ३२०० ची असेल तर तिथल्या तक्त्यात कुठल्या ना कुठल्या रकान्यात १६०० च्या आसपासचा आकडा असायलाच हवा. एका स्टिकचा शेवटचा रकाना १०६६ वर संपत होता, दुसरीचा १२०० वर. उत्पादकाचं नाव एकीत रिकामं, दुसरीत स्टिकरपेक्षा वेगळंच. दोन वेगवेगळ्या वेगाच्या स्टिक एकत्र लावल्या की दोन्ही हळू असणारीच्या चालीने चालतात. रायझनमध्ये प्रोसेसरचे आतले भाग एकमेकांशी बोलतात तो वेगही साधारणपणे रॅमशी जोडलेला असतो, त्यामुळे तो दणका गेममध्ये लगेच जाणवतो. पैसे देऊन मशीन मागे गेलं ते असं.

मग मी दोन्ही स्टिक हातात घेऊन दिव्याखाली पाहिल्या. दोन्ही स्टिकरांवर सिरियल नंबर एकच. शेवटच्या अंकापर्यंत तोच. प्रत्येक स्टिकला स्वतःचा नंबर असतो. एकाच स्टिकरच्या छापील प्रती काढून दोन्हींवर चिकटवल्या होत्या. सोनेरी पिनांवर आधी कुठेतरी बसवून काढल्याचे ओरखडे होते. त्याच गल्लीतल्या दुसऱ्या दुकानदाराने टॉर्च मारून हीटसिंकच्या कडेने आत दाखवलं: एका स्टिकवर चिपा एकाच बाजूला, दुसरीवर दोन्ही बाजूंना, आणि ही म्हणे एकाच कंपनीची एकाच मॉडेलची जोडी. त्याने पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर लावलं. पहिली फेरी पुरी व्हायच्या आत चुका दाखवणाऱ्या लाल ओळी यायला लागल्या. त्याने आमच्याकडून पैसे घेतले नाहीत. भावाला म्हणाला, “बाळा, दुसऱ्या पार्टला हात लावू नकोस. ही आहे तशी ठेव.”

पहिल्या दुकानदाराचा पवित्रा क्षणाक्षणाला बदलत गेला. आधी बोर्ड जुना आहे, बायोस अपडेट करा. मग सीपीयू-झेड चुकीचं दाखवतं. सारखे सिरियल नंबर दाखवले तेव्हा आवाज चढला, “ही माझ्याकडची कशावरून? घरी बदलून आणली असेल.” भाऊ पांढरा पडला होता. एकोणीस वर्षांच्या मुलाला भर दुकानात चोर ठरवणं, हे मला पैशांपेक्षा जास्त लागलं. जुन्या स्टिक परत मागितल्या तर, “त्या विकल्या गेल्या.” शेवटी बोट भिंतीवरच्या पाटीकडे: विकलेला माल परत घेतला जाणार नाही.

ती पाटी कायद्यापुढे टिकत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवस धरले जातात. बिल न देणं हीसुद्धा त्याच यादीत मोडते. आम्ही १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि दुकानदाराला स्पीड पोस्टाने लेखी नोटीस पाठवली. कच्च्या बिलाने अडेल अशी भीती होती. पण पैसे यूपीआयने त्याच्या दुकानाच्या खात्यात गेले होते आणि आदल्या दिवशीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर त्यानेच लिहिलं होतं, ‘१६×२, ३२००, ओरिजिनल’. नोटिशीनंतर चौदा हजार परत आले. जुन्या स्टिकची भरपाई द्यायला तो अजून तयार नाही, म्हणून जिल्हा ग्राहक आयोगाकडे ई-जागृती पोर्टलवरून अर्ज केला आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि घटना घडल्यापासून २ वर्षांच्या आत तक्रार करता येते. रक्कम लहान आहे म्हणून सोडून देऊ नका. अशी माणसं त्याच भरवशावर जगतात.

भाऊ सध्या मित्राच्या ८-८ च्या स्टिकवर आहे. प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवल्या, एक्सएमपी चालू केलं, ओबीएसमध्ये एनव्हेंक निवडलं. मेमरी अजूनही १२ जीबीच्या आसपासच असते. ‘एन्कोडिंग ओव्हरलोडेड’ पुन्हा आलेलं नाही.

कुणाला रॅम घ्यायचीच असेल तर काउंटरवरच मशीन लावून एसपीडीचं पान उघडायला लावा. ते पानही बनावट लिहिता येतं, म्हणून दोन्ही सिरियल नंबर बिलावर लिहून घ्या आणि कंपनीच्या साइटवर वॉरंटी तपासायची सोय असेल तर तिथे टाकून पाहा. जीएसटी क्रमांक १५ अंक-अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो, आणि जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. जुन्या स्टिक एक्स्चेंजमध्ये देण्याआधी त्यांच्या स्टिकरचे फोटो काढा. आणि आधीच फसला असाल तर हीटसिंक उचकटू नका, स्टिकर सोलू नका. स्टिक, पाकीट, यूपीआयची पावती, चॅट, मेमटेस्टच्या लाल ओळींचा फोटो, सगळं एका पिशवीत घालून ठेवा. आयोगापुढे तेच लागतं.